तीन हातांची फळी

आमच्या बेटावर दर्याच्या वाटेला लागलेल्या माणसाला ‘कुठं चाललास’ म्हणून कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो तोंड वाकडं करतो, खांद्यावरचं जाळं खाली टाकतो आणि घरला परत फिरतो. माशांना ऐकू जातं. मग दिवस वाया. ही सवय अंगात इतकी मुरलेली की माणसं बाकीच्या बाबतीतही विचारत नाहीत. काम शिकायचं तर शेजारी जाऊन बसायचं, डोळे उघडे ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं. शिकवणाराही सांगत नाही. तुला दिसलं तर दिसलं.

उइलानी याच रीतीत वाढली, आणि या रीतीपायीच तिच्या फळीचं जे व्हायचं ते झालं.

उइलानी म्हणजे आमची शेजारीण. साठीला टेकलेली, रुंद खांद्याची, आवाजाला तिखट. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. आमचा रस्ता म्हणजे एका अंगाला डोंगर, एका अंगाला दर्या, आणि मध्ये एका वेळी एकच गाडी मावेल असे पूल. पुलावर समोरून भाड्याची गाडी घेऊन कुणी पाहुणा येऊन अडला, की ती बसमधून उतरायची, त्याला बाजूच्या सीटवर सरकवायची आणि त्याची गाडी स्वतः मागं नेऊन लावायची. पाहुणा बिचारा ‘थँक यू’ म्हणत राहायचा. बसमधली पोरं खिडकीतून टाळ्या वाजवायची.

नवरा रूबेन लास वेगासला हॉटेलात कामाला गेला, म्हणाला सहा महिने. त्याला आता सतरा वर्षं झाली. त्याच्याबद्दल ती कुणापाशी रडली नाही. एवढंच म्हणायची, “तिकडं लाटा न्हाईत. त्येला तसंच पायजे व्हतं.”

लाटांचं तिला वेड होतं. पोरवयात ती लाटा खेळायच्या फळीवर उभी राहिली, की खाडीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत उभीच असायची. पुढं जुन्या बसचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. आधी रविवारचं जाणं बंद झालं, मग सगळंच. तिची ती फायबरची फळी पुरात गेली, तेव्हा तिनं शोधलीसुद्धा नाही.

ज्या महिन्यात तिनं बस सोडली, त्याच महिन्यात वादळ आलं आणि तिच्या दारातला नीरफणस आडवा झाला.

आता हे झाड काही साधं नव्हतं. आमच्यात पोर जन्मलं की त्याची वार दारात पुरतात आणि वर झाड लावतात. उइलानी जन्मली त्या दिवशी तिच्या बापानं हे रोप लावलेलं. म्हणजे झाड तिच्याच वयाचं, तिच्याच वारेवर वाढलेलं. साठ वर्षं गावानं त्याचे फणस भाजून खाल्ले. ते पडलं तशी बाया आपसांत बोलायला लागल्या, की बस सुटली, झाड गेलं, आता बाईनं जपून राहावं. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण एकतीस वर्षं पोरांची कुजबुज आरशातून ऐकणारी बाई ती. तिला काय ऐकू जात नव्हतं?

दुसऱ्या दिवशी ती हातात अळूच्या कांद्यांची पिशवी घेऊन वेंडलकाकाच्या पडवीत जाऊन बसली.

वेंडलकाका तिच्या बापाचा चुलतभाऊ. ऐंशीला एक कमी. काटकुळा, डोक्यावर पानांची विणलेली टोपी, एका डोळ्यात मोतीबिंदू. फळीची कड सरळ आहे का, हे बघायला बाकीचे सुतार एक डोळा मिटतात, त्याला मिटायची गरज नव्हती. लाकडाची फळी हातानं घडवणारा आमच्या बाजूला तो एकटाच उरलेला. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं.

“झाड पडलं,” उइलानी म्हणाली.

“बगितलं.”

बस्स. एवढ्यावर ठरलं, पडल्या झाडाची फळी घडवायची.

काका आला तो येताना एक तांबडा मासा घेऊन आला. मुळं उपटून जो खड्डा पडला होता त्यात त्यानं तो मासा तिच्या हातानं ठेवायला लावला. झाड घ्यायचं तर आधी काहीतरी द्यायचं, ही जुनी रीत. सकाळी बघतो तर मासा गायब आणि मातीत मुंगसाची पावलं. उइलानीचं तोंड उतरलं.

“कुणीतरी घेतला न्हवं?” काका म्हणाला. “मग झालं.”

करवतीचं यंत्र माझं, म्हणून मीही होतो. खोड उघडलं आणि आमची निराशा झाली. एका अंगानं गाभा कुजलेला, दुसऱ्या अंगाला वाळवीची घरं. चिरत चिरत गेलो, तेव्हा सगळ्या खोडातून चांगली अशी एकच फळी निघाली. चार हात आणि वर एक वीत लांब, पिवळीधमक. काकानं तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला.

“एकच हाय,” तो म्हणाला. “चुकलीस तर चुलीत.”

फळी तिच्या खांबांवर उभ्या घराखाली आठ महिने वाळली. दोन्ही टोकांना मेण फासलेलं, खाली दगड, वर पत्रा. उइलानी रोज सकाळी वाकून तिच्यावर हात फिरवून यायची. कुणाला सांगितलं नसेल, पण मला कुंपणावरून दिसायचं. त्या एका फळीवर तिनं काय पणाला लावलंय हेही दिसायचं. झाड पडलं ते पडलं, पण ते आपल्याला अंगावर घेऊन एकदा तरी लाटेवर चालायला पाहिजे. तेवढं झालं की बाया काय बोलायच्या ते बोलू देत.

आता घडवायची म्हणजे नमुना पाहिजे. नमुना घरातच होता.

तिची आई मेलबा, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्याकडं तिच्या स्वतःच्या बापानं घडवलेली जुनी फळी होती. पोरगी असताना मेलबा त्या फळीवर लाटा खेळली. लग्न झालं, पोरं व्हायला लागली, आणि फळी स्वयंपाकघरात येऊन दोन खोक्यांवर आडवी झाली ती इस्त्रीसाठी. उइलानीनं जन्मापासून ती तशीच बघितली होती. वर जुनी चादर गुंडाळलेली, चादरीवर इस्त्रीचे करपलेले तिकोने. उइलानीनं चादर सोडली, फळी धुतली आणि खांद्यावर टाकून काकाकडं नेली.

“आनी म्या इस्त्री कशावर करू?” आई आतून ओरडली.

“टेबलावर कर.”

“टेबलाला भाताचा वास येतो!”

फळी पाहून काकानं नुसतं हं केलं. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सरळ कापल्यासारखी. जुन्या फळ्या अशाच असतात, पुढं गोल, मागं सरळ. उइलानीनं सुतळी लावून मापं घेतली. रुंदी घेतली, गोलाई घेतली, कडेचा उतार अंगठ्यानं मोजला. मग लांबी. तीन हात भरली. उभं राहायला आखूड वाटत होती, पण आई याच फळीवर लाटा खेळलेली.

तिनं आपल्या पिवळ्या फळीवर तीन हातांवर कोळशानं रेघ मारली आणि करवत उचलली.

इथं काकाच्या खोकल्याबद्दल सांगायला पाहिजे. काका शिकवताना बोलत नसे, खोकत असे. एक खोकला म्हणजे हात नीट धर. दोन खोकले म्हणजे थांब. तीन झाले की समजायचं, हत्यार खाली ठेवून लांब जाऊन बसावं. उइलानीनं करवत रेघेवर टेकवली आणि जरा थांबली. काकाकडं बघितलं. काका दर्याकडं बघत होता. खोकला आला नाही. तिनं कापली. एक हात एक वितीचा तुकडा खाली पडला, तो तिनं उचलून भिंतीला उभा केला. चांगलं लाकूड टाकायचं नसतं.

मग तीन महिने काम चाललं.

पहिले आठ दिवस त्यानं तिला फळीला हात लावू दिला नाही. नुसती वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, धार लावायची. दगडावर पाणी शिंपडायचं, घासायचं, हाताच्या केसांवर चालवून बघायचं. आठवड्यात तिच्या डाव्या हातावर केस म्हणून उरला नाही. तेव्हा काका उठून आत गेला आणि कॉफी घेऊन आला. तिच्यासाठीही आणली, त्यावरून तिला कळलं की धार जमली.

नीरफणसाचं लाकूड हलकं आणि मऊ, पण त्याच्या रेषा मध्येच उलट्या फिरतात. सुलट तासलं तर वाकस सुर्र करून जातो, सालपटं कोंबड्यांच्या अंगावर उडतात. उलट गेलं की खर्र होतं आणि घास निघतो. एका दुपारी तिनं तसा घास काढलाच, मागच्या टोकाकडं, बोट बुडेल एवढा. काका तीनदा खोकला. ती लांब जाऊन बसली. तासाभरानं परत आली आणि लाकडाचा भुसा चिकात कालवून त्या खड्ड्यात भरायला लागली. काकानं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि कोंबड्यांपुढं ओतली.

मग तिला दिसलं काय करायचं ते. खड्डा भरायचा नाही. बाकीची सगळी फळी खड्ड्याएवढी खाली आणायची. त्यात बारा दिवस गेले आणि फळी अंगठ्याएवढी पातळ झाली. तेव्हा ती पहिल्यांदा वाकली. म्हणजे दोन्ही टोकांना धरून दाबली की जरा दबायची आणि सुटताच उसळायची.

काम सगळं खाली बसून. उइलानी बसायची धपकन, आणि उठताना काकाच्या बाकाची कड धरून, दात आवळून, “आये गं” म्हणत उठायची. बाकाची कड त्या तीन महिन्यांत तिच्या तळहाताच्या घामानं काळी पडली.

वाकसानंतर रंधा. रंध्यानंतर दर्यातल्या प्रवाळाचा खडबडीत गोटा, त्यानं घासायचं. त्यानंतर गुळगुळीत गोटा. मग कुकुईच्या तेलकट बिया जाळून काजळी धरली, ती त्याच बियांच्या तेलात खलली आणि फळीला फासली. सात हात दिले. फळी नुकत्या पकडलेल्या बांगड्याच्या पाठीसारखी काळी आणि चमकती झाली.

रविवारी ती घरी आणली. मी हातातलं काम टाकून गेलो. मेलबाआजीला धरून पडवीत आणून बसवली. आजीनं फळीवर हात फिरवला. पुढून फिरवला, कडेनं फिरवला, उलटी करून पोटाचा फुगवटा बघितला. मान डोलवली.

“झ्याक केलीस गं,” ती म्हणाली. “माज्या बानं केल्यागत केलीस. आनी बाकीची कुटं हाय?”

“कसली बाकीची?”

“फळीची. उरलेली फळी. ही तर माज्या इस्त्रीएवडीच हाय.”

“इस्त्रीवरनंच तर माप घेतलं, आये.”

आजीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग ती हसायला लागली. दात नसलेल्या तोंडानं हसत हसत ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

“आगं भवाने, ती म्या कापली! तुजा जलम व्हायच्या आदी. नवी शेगडी आली, तवा दार आनी शेगडी यांच्या मदी फळी मावंना. घेतली करवत आनी टाकली कापून. चांगली चार हात न् वर वीतभर व्हती ती!”

“मग सांगायचं न्हाईस व्हय?”

“तू इचारलंस? मला वाटलं, रुंदी बगाया नेलीस.”

 उइलानीनं फळी भिंतीला टेकवली, पायात चपला घातल्या आणि काकाच्या घराकडं चालायला लागली. तिचा चेहरा बघून मी मागोमाग गेलो. काकाचं वय झालंय, म्हटलं, कुणीतरी मध्ये असावं.

काका अंगणातल्या नळाशी मासे साफ करत होता. खाली एक जाडसा चौकोनी पाट, त्यावर खवल्यांचा थर. हा पाट आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा बघितला होता. उइलानीनंही बघितला होता, गेले तीन महिने रोज. आज तिनं त्यावरचा मासा उचलून बादलीत टाकला आणि पाट उलटा केला. खालच्या अंगाला जुनं काळं तेल अजून चमकत होतं. दोन कडा गोल घासलेल्या. आणि एका टोकाला वेडीवाकडी करवत फिरलेली.

“ह्ये काय हाय, काका?”

“तुज्या आईनं फेकून दिलं व्हतं. लाकूड चांगलं, म्हनून उचललं. साठ वर्सं झाली की.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं. म्या रेघ मारली तवा ठावं व्हतं.”

“व्हतं.”

“आनी खोकला न्हाईस!”

काकानं सुरी धुतली. “न्हाई खोकलो.”

“एकच फळी व्हती, काका. चुकलीस तर चुलीत, म्हनला व्हतास. माजं झाड व्हतं ते. मला तिच्यावर उबं ऱ्हायाचं व्हतं, आनी तू... तू दर्याकडं बगत बसलास!”

“कशावर उबी ऱ्हानार व्हतीस?” काका म्हणाला. आवाज चढवला नाही. “त्या गुडग्यावर? तीन म्हयनं झालं, खाली बसलीस की माजं बाकडं धरून उटतीस. दर्यात बाकडं न्हाई, पोरी. चार हाताची केली असतीस, तर उबी ऱ्हायाला गेली असतीस. पयल्याच लाटंला पडली असतीस, आनी मग त्या इस्त्रीवानी हीबी घरात आडवी पडली असती.”

“ते माजं म्या बगितलं असतं!”

“असंल,” काका म्हणाला आणि बादलीतला मासा परत काढला. “आता पाट दे हिकडं.”

तिनं पाट दिला नाही. काखेत मारला आणि घरी आली.

आठ दिवस ती काकाकडं गेली नाही. फळी घराखाली, जिथं वाळली तिथंच पालथी पडली. शेजारी तो कापलेला पिवळा तुकडा. मला वाटलं, आता ही खरंच कधीतरी सरपणाच्या ढिगात जाणार. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानात कुणीतरी मुद्दाम तिच्याजवळ इस्त्रीचा विषय काढला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो माणूस बिस्किटं न घेताच गेला.

तिला पुन्हा हलवलं ते आईनं. पण काही समजूत वगैरे घालून नाही.

“माजी इस्त्रीची फळी त्या म्हाताऱ्याकडं पडलीया,” आजी म्हणाली. “ती आन. चर्चला चुरगळलेला झगा घालून जायची न्हाई म्या. आनी ती तुजी खालची बी काड तितनं. माजा पाय अडकला काल.”

“चुलीत घाल.”

“म्या न्हाई घालनार. तुज्या वारंचं झाड. तूच घाल.”

यावर उइलानी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या कुंपणापुढून गेली. काखेत काळी फळी, दुसऱ्या हातात तो पिवळा तुकडा, अंगात रूबेनची जुनी अर्धी चड्डी. मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो. कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही. दाण्याचा डबा ठेवला आणि जरा अंतर राखून निघालो.

खाडीत उत्तरेकडून लाट येत होती. फार मोठी नाही, कमरेला लागेल एवढी, पण नेमानं येणारी. काका तिथं कमरेएवढ्या पाण्यात आधीच उभा होता, डोक्यावर टोपी, हातात काहीच नाही. मासे मारायला आला असता तर जाळं असतं. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. पिवळा तुकडा काळ्या वाळूवर ठेवला आणि पाण्यात शिरली.

छातीएवढ्या पाण्यात जाऊन ती पाठमोरी थांबली. पहिली लाट जाऊ दिली. दुसरीही. मला वाटलं, उभं राहण्याचाच हट्ट करते की काय. तिसरी उठली तशी तिनं फळी पोटाशी धरली, तळाला उजव्या पायानं रेटा दिला आणि आडवी झाली.

फळी सुटली. दुसरा शब्द नाही मला. इतकी भारी बाई, इतकी बारकी पातळ फळी, आणि ती लाटेच्या अंगावरून तिरकी अशी कापत निघाली, जशी बाजारात कापडवाल्याची कात्री जाते. उइलानीचं तोंड पाण्यापासून वीतभर वर. डोळे गच्च मिटलेले. मग उघडले. आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी तिच्या सोळाव्या वर्षानंतर ऐकला नव्हता. पुलावरचा पाहुणा ऐकता तर गाडी सोडून पळून गेला असता.

ती काकाच्या पुढून गेली तेव्हा काकानं टोपी काढून डोक्यावर परत ठेवली. एवढंच केलं.

लाट तिला थेट वाळूपर्यंत घेऊन आली आणि परत गेली. उइलानी पालथीच पडून राहिली. चड्डी अर्धी खाली आलेली, केसांत शेवाळ, कोपर खरचटून लाल. मी पुढं झालो, पण तिनं हात हलवून मला थांबवलं. चड्डी वर ओढली. मग पिवळा तुकडा उचलून काकाच्या अंगावर भिरकावला. तो पाण्यात त्याच्या पोटाशी जाऊन तरंगला.

“तुजा पाट,” ती म्हणाली. “जुना मिळनार न्हाई. आजून माजा राग गेल्याला न्हाई.”

काकानं तुकडा उलटा-सुलटा करून बघितला, टकटक केली, कान लावला.

“ह्याला तेल फासलं न्हाईस,” तो म्हणाला.

“तू फास.”

मग ती उठायला लागली. डावा पाय पुढं घेतला, सवयीनं हात बाजूला गेला, आणि तिथं धरायला काही नव्हतं. क्षणभर ती तशीच वाकलेली राहिली. मग तिनं फळीचं सरळ टोक वाळूत रोवलं. तीन हात, बरोबर तिच्या छातीला लागणारी. दोन्ही हात तिच्या गोल डोक्यावर ठेवले, दात आवळले, आणि त्या आधारानं वर आली.

काका पाण्यातून बघत होता. एकदाच खोकला.

“चला,” तो म्हणाला, “माजं बाकडं मोकळं झालं.”